सिरॅमिक केलंय म्हणजे पीपीएफ नव्हे

मेहुण्याने दिवाळीत नवी गाडी घेतली आणि शोरूममधून तडक डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी चकचकीत करून देणाऱ्याकडे नेली. परत आला तो खुशीत. “दाजी, सिरॅमिक करून घेतलंय. आता खडा लागला तरी काही होत नाही.” महिनाभरात कसारा घाटात खडी भरलेल्या डंपरच्या मागे अडकला आणि बोनेटवर तीन ठिकाणी रंगाचा टवका उडाला. भांडायला गेला, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही सिरॅमिक केलंय. खड्यासाठी पीपीएफ लागतं.” पैसे घेताना हेच वाक्य त्याला सुचलं नव्हतं.

सिरॅमिक म्हणजे रंगावर लावायचं पातळ द्रव; पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा. दोन्ही कामं एकाच दुकानात होतात, दोन्हींनी गाडी चकाकते आणि दोन्हींना सगळे सर्रास ‘कोटिंग’ म्हणतात. त्यामुळे घोळ होतोच. फरक समजून घ्यायचा तर आधी जाडी बघा. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत, म्हणजे पारदर्शक थरापर्यंत, सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रंग असतो. पीपीएफ एकटीच १५० ते २०० मायक्रॉनची, रंगापेक्षाही जाड. आणि सिरॅमिक? एक-दोन मायक्रॉन. उडून आलेल्या खड्याला तेवढा थर असला काय नि नसला काय.

दुकानातले लोक इथे ‘९ एच’चं कार्ड टाकतात. हिऱ्याची कठीणता १०, आमच्या कोटिंगची ९, असा त्यांचा हिशेब. पण हा ९ एच पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा आहे, खनिजांच्या नाही. वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली घासून थरावर चरा उठतो का, एवढंच त्या चाचणीत बघतात. हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून सिरॅमिक वाया गेलं असं मात्र नाही. ते सिलिकायुक्त द्रव आहे. क्लिअर कोटवर पसरून वाळलं की घट्ट, गुळगुळीत थर होतो. पाणी थेंबाथेंबाने ओघळून जातं, चिखल धरून बसत नाही, धुण्याची मेहनत निम्मी होते. रंगाला खोली येते ती वेगळीच. फिल्मचं काम मार खाण्याचं. ती लवचीक पॉलियुरेथेनची असते, खडा आदळला की दबते आणि धक्का जिरवते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून वाचवायला अशी फिल्म वापरली जाऊ लागली, तिथून ती गाड्यांवर आली. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. किल्लीने खोल ओढलेली रेघ मात्र भरत नाही, कुणी काहीही सांगो.

बसवण्याची तऱ्हाही निराळी. सिरॅमिकमध्ये खरं काम बाटली उघडण्याआधी असतं: धुणं, क्ले (रंगाला चिकटलेला मळ उचलणारी मऊ माती) फिरवणं, पॉलिश करून गोल गोल चरे काढणं, अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवणं. यात हयगय झाली तर चरे कोटिंगखाली तसेच बंद होतात आणि चकाकीमुळे उलट जास्त दिसतात. नंतर थेंब थेंब लावायचं आणि वेळेत पुसायचं. उशीर झाला की डाग वाळून बसतात.

फिल्म ओली बसवतात. शाम्पूचे थेंब घातलेलं पाणी फवारून ती पत्र्यावर सरकवतात, जागेवर आली की स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी बाहेर काढतात. बंपरची वळणं, आरशांचे गोलवे इथे कारागीर कळतो: जास्त ताणली तर काही दिवसांत कडेने उचलते. एक प्रश्न आधीच विचारा, फिल्म मशीनवर मापाने कापून आणणार की गाडीवर ब्लेडने कापणार? गाडीवर कापताना हात जड पडला, तर जो रंग वाचवायचा त्यालाच चीर जाते. गाडी ताब्यात घेताना बोनेटच्या मधोमध बघू नका, कडा बघा. धूळ आणि केस तिथेच अडकतात. पाण्याचे बारीक फुगे दिसले तर घाबरायचं कारण नाही, ते आठ-पंधरा दिवसांत आपोआप जिरतात. सुईने टोचायला जाऊ नका.

पहिला आठवडा दोन्हींसाठी सारखाच: धुणं बंद. पुढे मात्र वाटा वेगळ्या. फिल्मचा शत्रू प्रेशर वॉशर. सर्व्हिस सेंटरमधला पोरगा नळी कडेशी धरतो आणि फिल्म सोलून निघते. हात-दीड हात लांबून, कडेला आडवा मारा न करता धुवायला सांगा. सिरॅमिकचा शत्रू बोअरचं पाणी. आपल्या सोसायट्यांमध्ये टँकरचं नाहीतर बोअरचं क्षारयुक्त पाणी, त्यात उन्हात धुतलेली गाडी. थेंब जागच्या जागी वाळतात आणि पांढरी वर्तुळं उरतात. पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं हीच सिरॅमिकची शान, आणि नेमकी तीच इथे अंगाशी येते. सावलीत धुवा, लगेच मायक्रोफायबरने टिपा. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्या काकांना दोन्ही बाबतींत हात जोडून थांबवा. धूळ घासली की चरे आलेच. कावळ्या-कबुतरांची घाणही त्याच दिवशी ओल्या कपड्याने उचला, दोन्हींवर डाग पडतो.

पूर्ण गाडीला चांगली फिल्म म्हटलं की खर्च सहज लाखाच्या घरात जातो, सिरॅमिक त्याच्या एका हिश्श्यात होतं. गाडी शहरातल्या शहरात फिरत असेल तर पूर्ण फिल्म मला चैन वाटते. घाट, महामार्ग रोजचा असेल तर पुढचा बंपर, बोनेट, आरसे आणि दारांखालचा पट्टा एवढ्याला फिल्म, बाकीला सिरॅमिक. क्रम चुकवू नका: आधी फिल्म, वाटलं तर तिच्यावर सिरॅमिक. सिरॅमिकच्या गुळगुळीत थरावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. स्वस्तात पूर्ण गाडी करून देतो म्हणणाऱ्याला फिल्म पॉलियुरेथेनची की पीव्हीसीची, हे बिलावर लिहून मागा. पीव्हीसी लवकर पिवळी आणि ठिसूळ होते. गॅरेजात पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म असेल तर काढताना जपा, कच्चा रंग गोंदाबरोबर निघून येतो.

मेहुण्याने बोनेट रंगवून आणलंय. फिल्मवाल्याने सांगितलं, महिनाभर थांबा, ताज्या रंगातला सॉल्व्हंट उडून जाऊ दे. तोवर पुढे डंपर दिसला की हा लेन बदलतो.