काँक्रीटमधला कायदा

धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. दिल्ली घराण्याचा हा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची मूळ रचना, तबला शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातून गेलेला असतो. पुढे त्याचे पलटे वाजवायचे, म्हणजे तेच बोल उलटसुलट फिरवायचे. कितीही वाजवा, पण बाहेरचा बोल आणायचा नाही. तरीही कान कंटाळत नाही. मूळ चाल मनात पक्की बसलेली असते, म्हणून एवढासा फेरफारही लगेच कळतो.

अमेरिकेत फोर्ट वर्थला किंबेल कलासंग्रहालय आहे. अहमदाबादचं आयआयएम रचणाऱ्या लुई कान यांची ही इमारत १९७२ साली खुली झाली. तिचा नकाशा पाहिला की मला तो कायदाच आठवतो. एकाच घडणीची सोळा कमानदार छतं, प्रत्येक सुमारे १०० फूट लांब. (तीनतालाच्या मात्राही सोळाच. योगायोग खरा, पण मला फार आवडतो.)

छताचा आकार सायक्लॉइडचा. चाक गडगडत जाताना त्याच्या कडेवरचा ठिपका हवेत जी रेघ काढतो, ती ही. अर्धवर्तुळाची रुंदी उंचीच्या दुप्पट असते, सायक्लॉइडची π (पाय) पट, म्हणजे सुमारे ३.१४ पट. त्यामुळे छत बसकं होतं आणि दालन घरगुती वाटतं.

खरी करामत माथ्यावर आहे. कमान तोलली जाते ती माथ्यावर दोन्ही बाजू एकमेकींना रेटतात म्हणून. इथे नेमका माथाच उजेडासाठी चिरलेला! म्हणजे ही कमान नव्हेच. काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारांमुळे अख्खं छत लांबलचक तुळईसारखं चार कोपऱ्यांतल्या खांबांवर उभं राहतं. मधे खांब नाही, त्यामुळे आतल्या भिंती हलवता येतात. छत तेच राहतं आणि प्रत्येक प्रदर्शनाला नवा पलटा सुचतो.

दोन छतांमध्ये सपाट, बुटके पट्टे आहेत, हवेचे नळ त्यांतून जातात. लुई कान अशा जागांना सेवक म्हणत. मला त्या तालातल्या ‘खाली’सारख्या, म्हणजे बिनवजनाच्या भागासारख्या वाटतात. ‘धाधा’चं ‘ताता’ होताना बायाँ, म्हणजे डग्गा, गप्प होतो आणि पुढच्या ‘धा’ला वजन येतं. बुटक्या पट्ट्याखालून पुढच्या छताखाली जाताना तसंच होत असणार.

दर्शनी बाजूला काही छतं भिंतींशिवाय मोकळी सोडली आहेत, ओसरीसारखी. तिथे एकही चित्र नाही. पलटे सुरू करण्याआधी तबलजी कायदा ठाय, म्हणजे संथ लयीत मांडतो, तशी ती ओसरी आत शिरण्यापूर्वीच मूळ आकार दाखवून ठेवते.