मुंबईतली स्पेशालिटी कॉफी आणि तिचे कॅफे

मुंबईतली स्पेशालिटी कॉफी म्हणजे जिचा मळा कुठला, झाडाची जात कुठली, फळावर प्रक्रिया कशी केली आणि बी भाजली कधी हे सगळं विकणाऱ्याला माहीत असतं आणि तो ते पाकिटावर छापून गिऱ्हाइकाला सांगतो अशी कॉफी, आणि ती भाजणाऱ्या नि बनवून देणाऱ्या रोस्टरी आणि कॅफेंचं शहरभर पसरलेलं जाळं. या जाळ्याचा जोर बांद्रा-खार, महालक्ष्मी, लोअर परळ, भायखळा आणि काळा घोडा-कुलाबा या पट्ट्यात आहे, आता तो अंधेरी, पवई, ठाण्यापर्यंत गेलाय. जगभर चालत आलेला निकष असा की तयार चाखणारे एकाच पद्धतीने कॉफी उतरवून १०० पैकी गुण देतात आणि ८० किंवा जास्त मिळाले की ती स्पेशालिटी. २०२३ मध्ये स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने मूल्यमापनाची नवी पद्धत आणली, तिच्यात नुसत्या गुणांऐवजी चवीचं वर्णन आणि कॉफीचं मूळ यांनाही जागा दिलीये, पण कॅफेत गप्पा मारताना लोक अजून ऐंशीच्या वरची की खालची असंच बोलतात.

आधीची कॉफी

मुंबई चहाचं शहर आहे यात वादच नाही, पण कॉफी इथे कालपरवा आलेली नाही. कॉफी सेस कमिटीने देशातलं पहिलं इंडिया कॉफी हाउस १९३६ साली चर्चगेटला उघडलं, भारतीय कॉफीचा खप देशातच वाढावा म्हणून, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या शाखा देशभर झाल्या. १९५०च्या दशकात, कमिटीच्या जागी आलेल्या सरकारी कॉफी बोर्डाने ही हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली, त्यातली बरीच इतर शहरांत आजही चालू आहेत.

माटुंग्याची गोष्ट वेगळी. दक्षिणेतून आलेली कुटुंबं तिथे वसली आणि त्यांच्यासोबत फिल्टर कॉफी आली, १९४० सालचं कॅफे मद्रास अजून सकाळी रांगा लावतं. तिथल्या पावडर विकणाऱ्या जुन्या दुकानांत जाऊन बघाच, गिऱ्हाईक 'पीबेरी आणि प्लांटेशन ए अर्धी अर्धी, चिकोरी वीस टक्के' असं एका दमात सांगतं आणि दुकानदार समोर दळून देतो. पीबेरी म्हणजे फळात जोडीऐवजी एकटीच असलेली गोल बी, प्लांटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, पार्चमेंट म्हणजे धुतलेली रोबस्टा (अरेबिका आणि रोबस्टा हे कॉफीच्या झाडाचे दोन मुख्य प्रकार), आणि चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली, ही भारतीय बाजाराची जुनी भाषा. आपली कॉफी काय आहे हे विचारून घेणारं गिऱ्हाईक मुंबईत ऐंशी वर्षांपूर्वीपासून आहे, त्यामुळे स्पेशालिटीवाल्यांनीच शहराला कॉफी शिकवली असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही.

बाकी मराठी घरात कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ, आणि लग्नात वाफेच्या मशीनची फेसाळ 'एस्प्रेसो' जिच्यावर कोको पावडर भुरभुरलेली असायची. १९९६ मध्ये बंगळुरूत कॅफे कॉफी डे सुरू झालं, २००० मध्ये दिल्लीत बरिस्ता, आणि दोन्ही लगेच मुंबईत आले. टाटांबरोबर भागीदारीत स्टारबक्सने भारतातलं पहिलं दुकान १९ ऑक्टोबर २०१२ ला हॉर्निमन सर्कलला उघडलं. या साखळ्यांनी तासन्‌तास बसायची आणि कपाला शंभरच्या वर मोजायची सवय लावली, कपातली कॉफी कुठल्या मळ्यातली हा प्रश्न मात्र तिथे फारसा कोणी विचारला नाही.

मळ्याचं नाव पाकिटावर कसं आलं

याचं मूळ कॅफेत नाही, सरकारी धोरणात आहे. १९४०च्या दशकापासून मळेवाल्याला आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावं लागायचं, तिथे सगळ्यांची कॉफी प्रतवारीने एकत्र व्हायची, मग कोणी कितीही निगुतीने पिकवली तरी त्याचं नाव तिथेच पुसलं जायचं आणि जास्त मेहनतीचा वेगळा पैसा मिळायचा नाही. १९९०च्या दशकात हे टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ पर्यंत मळेवाल्यांना पूर्ण मोकळीक मिळाली. तरी चांगला माल बराच काळ बाहेरच जात राहिला, आजही देशातली बरीचशी कॉफी निर्यात होते. देशातल्या देशात मळ्याच्या नावाने कॉफी विकण्याला खरी गती आली ती २०१३ मध्ये दिल्लीत ब्लू टोकाई ही रोस्टरी सुरू झाल्यावर, आणि तिच्या मागोमाग आलेल्या छोट्या रोस्टरींमुळे. अटिकन, रत्नगिरी, केरेहक्लू, रिव्हरडेल ही मळ्यांची नावं आता मुंबईतली कॉलेजची पोरंही घेतात (यातलं रत्नगिरी कर्नाटकातलं, आपल्या कोकणातलं नव्हे).

जागा

ब्लू टोकाईने महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात रोस्टरी आणि कॅफे एकत्र थाटलं, सबको नावाचं कॅफे २०२० मध्ये बांद्र्याच्या चॅपल रोडवर मेरी लॉज नावाच्या जुन्या घरात सुरू झालं आणि नंतर भायखळ्याला मोठी जागा केली, केसी रोस्टर्स खारच्या चुइम गावठाणात आहे. गिरण्यांचे गाळे आणि गावठाणातली कौलारू घरं यांच्याकडे ही मंडळी वळली त्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण व्यवहारही आहे. भाजायच्या मशीनला उंच छत, धुराडं आणि पोती ठेवायला कोरडी जागा लागते, आणि गल्लीतलं जुनं घर मेन रोडवरच्या शोरूमपेक्षा परवडतं. रणवार, चुइम, पाली ही मूळची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांच्या, वस्तीची गावठाणं, रस्ते इतके अरुंद की रिक्षा वळताना विचार करते. तिथे शनिवार-रविवारी कॅफेबाहेर गर्दी फुटपाथवर येते, गाड्या कुठेही लागतात आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना त्याचा ताप होतो, तो ताप खरा आहे आणि कॅफेवाल्यांनी तो मनावर घ्यायलाच हवा.

पाकीट कसं वाचायचं

भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा आणि ७० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कर्नाटकाचा, चिकमगळूर, कोडगू आणि हासन मिळून. स्पेशालिटीत बोलबाला अरेबिकाचा, पण नीट पिकवून धुतलेल्या रोबस्टालाही आता मान मिळतोय आणि ते फार बरं झालं, कारण आपल्या देशाचं मुख्य पीक तेच आहे.

पाकिटावर एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी, कावेरी असं काही दिसलं तर ती झाडाची जात. एस ७९५ ही आपल्याकडची जुनी आणि सगळ्यात परिचित, चिकमगळूरजवळ बाळेहोन्नूरला १९२५ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्रातून निघालेली. मग प्रक्रिया. वॉश्ड म्हणजे फळाची साल-गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली, चव स्वच्छ आणि जरा आंबटसर लागते. नॅचरल म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवलेलं, चव फळासारखी गोड आणि जड. हनी म्हणजे साल काढून चिकट गर तसाच ठेवून वाळवलेली, मधाचा तिच्यात थेंबही नसतो. सहाएक किलो पिकलेल्या फळातून जेमतेम एक किलो कच्ची बी मिळते, आणि स्पेशालिटीसाठी लाल झालेलीच फळं वेचायची असतात म्हणून वेचणारे एकाच झाडाकडे परत परत येतात. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यानंतर वाळवण, मग क्युरिंग वर्क्समध्ये टरफल काढणं आणि प्रतवारी, म्हणजे नव्या हंगामाची बी मुंबईच्या रोस्टरीत पोचेपर्यंत उन्हाळा उजाडतो.

मॅप्रो जॅम, संत्र्याची साल, गूळ अशा चवी पाकिटावर लिहिलेल्या असतात, यातलं काहीही वरून घातलेलं नसतं, चाखणाऱ्याला जे आठवलं ते त्याने लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला ते नाही लागलं तर बिचकायचं कारण नाही. सगळ्यात आधी बघायची ती भाजल्याची तारीख. भाजल्यावर बीतून काही दिवस वायू निघत राहतो, म्हणून पाकिटाला एका बाजूने उघडणारी झडप असते. आठवडा-दोन आठवडे मुरलेली कॉफी उत्तम, दोन-तीन महिन्यांनी वास उडायला लागतो. तारीखच नसेल तर ते पाकीट परत ठेवावं.

काउंटरवर

पोर-ओव्हर मागवली की बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, १५ ग्रॅम बी मोजतो, दळतो, फिल्टर पेपर गरम पाण्याने धुतो म्हणजे कागदाचा वास जातो, मग पावडरवर आधी ४०-एक ग्रॅम पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबतो. ताजी कॉफी असेल तर पावडर फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. त्यानंतर उरलेलं पाणी गोल गोल, थांबत थांबत, वजनकाट्यावर २४० ग्रॅम होईपर्यंत. सगळं मिळून तीनएक मिनिटं. ही कॉफी दूध-साखरेशिवाय, आणि कपात ओतल्यावर लगेच नाही, थोडी निवली की प्यावी, चव तेव्हा उघडते, आणि अर्धा कप संपेपर्यंत ती दोनदा बदलते.

एस्प्रेसोचं गणित वेगळं. १८ ग्रॅम पावडर, ९ बार दाब, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. हे गणित मुंबईत जूनमध्ये हमखास बिघडतं. हवा ओली झाली की पावडर दमट होते, कालपर्यंत २८ सेकंदांत येणारी धार आज लांबते किंवा वेडीवाकडी येते, मग सकाळी दुकान उघडायच्या आधी बरिस्ता ग्राइंडर बारीक-जाड करत शॉटमागून शॉट ओततो आणि चाखून टाकून देतो. दुपारी पाऊस उघडला, एसी वाढवला की परत तेच. रोस्टरीतही कच्च्या बीत ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत राहायला हवा म्हणून पावसाळ्यात पोती जिवापाड जपावी लागतात. पाण्याचंही तसंच, पालिकेच्या तलावांचं पाणी आणि टँकरचं पाणी यांत क्षारांचा फरक असतो आणि तो थेट कपात उतरतो, म्हणून नीट चालणारं दुकान पाण्याच्या फिल्टरवर मशीनइतकंच लक्ष देतं. कपावर दुधाचं बदक किती छान काढलंय यावरून कॅफे जोखणारे बरेच भेटतात, मी तर ग्राइंडरपाशी उभ्या माणसाकडे बघतो.

किंमत

एका पोर-ओव्हरला अडीचशे-तीनशे आणि वर, ही मुंबईतल्या बहुतेक माणसांच्या आवाक्यातली गोष्ट नाही. त्यात भाड्याचा वाटा मोठा असतो, बीचा लहान. म्हणूनच २५० ग्रॅमचं पाकीट पाचशे-सहाशेला घेऊन घरी बनवणं कितीतरी स्वस्त, त्यात पंधराएक कप होतात, आणि त्याला महागडं मशीन लागत नाही, माटुंग्यात मिळणारा स्टीलचा फिल्टरसुद्धा मस्त चालतो. बऱ्याच रोस्टरी अधूनमधून कपिंग ठेवतात, म्हणजे चार-पाच कॉफ्या शेजारी शेजारी मांडून चमच्याने सुर्रकन ओढून चाखायच्या, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, फरक एका फटक्यात कळतो.

एक गोष्ट मात्र खटकते. समुद्रसपाटीपासून उंची, जात, प्रक्रिया सगळं पाकिटावर असतं, पण मळ्याला किलोमागे काय मिळालं हे बहुतेक वेळा नसतं, आणि वेचणाऱ्या मजुराला काय मिळालं हे तर नसतंच. मळ्याचं नाव छापायला सुरुवात झाली हे मोठं काम आहे, त्याच पाकिटावर हा आकडाही यायला हवा.

मुंबईबाहेर

पुण्यात हे जाळं झपाट्याने वाढलंय. नागपूरची कॉरिडॉर सेव्हन तर देशातल्या नावाजलेल्या रोस्टरींपैकी आहे, तिचे संस्थापक मिथिलेश वझलवार यांनी बरिस्तांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकलीये. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, इंग्रजांच्या काळापासून. ठिकाण समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास, म्हणजे अरेबिकाला चालण्यासारखी उंची, पण पीक थोडं आणि त्याच्यामागे कर्नाटकासारखी क्युरिंगची, बाजाराची साखळी नाही. मुंबई-नागपूरच्या रोस्टरींनी तिथल्या बागायतदारांबरोबर दोन-तीन हंगाम बसून फळ वेचण्यापासून वाळवण्यापर्यंतचं काम केलं तर ती बी काय देऊ शकते हे निदान कळेल.