ब्रेन फॉग, पुरुषांतील

विचार मंदावणे, लक्ष न टिकणे, ऐन वेळी नाव किंवा शब्द न आठवणे आणि नेहमीच्याच बौद्धिक कामाने लवकर शीण येणे, या तक्रारींचा समूह. वैद्यकात हा स्वतंत्र रोग मानला जात नाही. अनेक विकारांत आढळणारे ते लक्षण आहे. व्यक्ती भानावर असते, कामे रेटत नेते, मात्र प्रत्येक कामाला जास्त वेळ व जोर लागतो. त्रासाची तीव्रता दिवसागणिक कमीजास्त होते आणि तो बहुधा स्वतः रुग्णालाच आधी जाणवतो. स्मृतिभ्रंशात बिघाड पुष्कळदा रुग्णाआधी घरच्यांच्या लक्षात येतो. पण हा भेद ढोबळ आहे, केवळ त्यावर विसंबू नये.

संकल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक तो जर्मन वैद्य गेओर्ग ग्राइनर यांनी १८१७ मध्ये केलेल्या झाकोळलेल्या जाणिवेच्या वर्णनापर्यंत मागे नेतात. मात्र ते वर्णन तीव्र आजारातील संभ्रमावस्थेचे आहे. अमेरिकन वैद्य जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी १८६९ मध्ये मांडलेली चेतादौर्बल्याची, म्हणजे मज्जासंस्था थकल्याने येणाऱ्या अशक्तपणाची (न्यूरास्थेनिया), कल्पना आजच्या तक्रारींशी अधिक जुळते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ई. एच. व्हॅन ड्यूसेन यांचे याच विषयावरील लेखनही त्याच वर्षीचे असल्याने ती आधी कोणी मांडली हा प्रश्न उरतो. १९६० मध्ये कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ रेमंड प्रिन्स यांनी नायजेरियातील विद्यार्थ्यांत ‘ब्रेन फॅग’ (मेंदूचा शीण) नावाचा लक्षणसमूह नोंदवला. कोविडनंतर विषयाला पुन्हा महत्त्व आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येत कोविडोत्तर अवस्थेच्या प्रमुख लक्षणांत थकवा व धाप यांच्या जोडीने बोधनक्षमतेतील, म्हणजे स्मृती, लक्ष व विचार यांतील, बिघाडही धरला आहे.

कारणे बहुतेक स्त्रीपुरुषांत समान आहेत : अपुरी झोप, नैराश्य व चिंता, रक्तक्षय, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अनियंत्रित मधुमेह, मद्य, विषाणुसंसर्गानंतरचा काळ आणि औषधे. औषधांत झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीविरोधी गोळ्या, मूत्राशयाच्या तक्रारींवरील काही औषधे व झोपेच्या गोळ्या विशेष लक्षात घ्याव्यात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ कमी होऊ शकते. पुरुषांत अधिक आढळणारे कारण म्हणजे झोपेतील श्वासरोध. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दिवसा पेंग येणे ही त्याची खूण. श्वास थांबल्याचे झोपलेल्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. पुरुषांतील नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिड किंवा वाढलेल्या मद्यपानातून व्यक्त होते, त्यामुळे ते ओळखायचे राहून जाते.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) उणीव हा सर्वाधिक वादाचा भाग. वयानुसार हे संप्रेरक हळूहळू घटते, म्हणून मध्यम वयातील प्रत्येक मरगळीचे खापर त्याच्यावर फोडले जाते. चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या युरोपीय अभ्यासात (२०१०) उणिवेशी खात्रीने जुळली ती लैंगिक लक्षणे : पहाटेचा ताठरपणा कमी होणे, कामेच्छा घटणे व ताठरतेतील दोष. मानसिक लक्षणांचा संबंध दुबळा निघाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या व वयानुरूप स्मृतिक्षीणता असलेल्या ४९३ वृद्ध पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचा जेल किंवा औषध नसलेला निष्क्रिय लेप दिला गेला. संप्रेरकाने स्मृती सुधारली नाही. म्हणून केवळ ब्रेन फॉगसाठी हा उपचार सुरू करू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मोजमापातही घोळ होतो. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असते, जेवणानंतर उतरते, आजारपणात व झोप बुडाल्यावर घटते. स्थूल व्यक्तीत हे संप्रेरक रक्तातून वाहून नेणारे प्रथिन कमी असल्याने एकूण आकडा फसवा ठरतो. त्यामुळे रक्त सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावे. अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना डेसीलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमखालील पातळी कमी मानते, तर संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेची खालची मर्यादा २६४ आहे. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणुनिर्मिती दडपते. अपत्य हवे असणाऱ्यास हे आधी सांगितलेच पाहिजे.

तक्रार काही आठवडे टिकली किंवा कामात चुका होऊ लागल्या की कुटुंबवैद्यांकडे जावे. पुरुष ही पायरी लांबवतात आणि ‘थकवा आहे’ एवढ्यावर बोलणे आटोपतात. त्याऐवजी नेमके उदाहरण द्यावे : वाचलेला परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, बैठकीत वाक्य अर्ध्यावर तुटते, ओळखीच्या वळणावर रस्ता चुकतो. सर्व औषधे, पूरके, मद्याचे खरे प्रमाण आणि घोरण्याबद्दल जोडीदाराचे म्हणणे सोबत न्यावे. रक्तगणना, साखर, अवटू संप्रेरक, ब-१२, यकृत व वृक्क (मूत्रपिंड) यांच्या तपासण्या प्रथम होतात. श्वासरोधाचा संशय असल्यास निद्रा-अध्ययन, म्हणजे झोपेतील श्वासाची नोंद. स्मृती, लक्ष व विचार तपासणाऱ्या मॉन्ट्रियल बोधन चाचणीत तीसपैकी २६ वा अधिक गुण सामान्य धरतात, तथापि उच्चशिक्षित व्यक्तीत सौम्य घट त्यात निसटू शकते. उपचार कारणानुसार.

अचानक गोंधळ, बोबडे बोलणे, एका बाजूची दुर्बलता, भयंकर डोकेदुखी किंवा ज्वरासह ग्लानी असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्ध पुरुषात डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानंतर काही आठवड्यांनीही कवटीखाली रक्त साठून असाच मंदपणा येतो. अशा वेळी सीटी स्कॅन लांबवू नये.