फोर बाय फोरचे बुश: बदलून घेण्याआधी वाचा

आमच्या गॅरेजात एक तक्रार ठरलेली असते: "सहा महिन्यांपूर्वी सगळे बुश नवे टाकले, तरी पुन्हा खटखट सुरू." गाडी पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) घेतली की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. रबर झिजलेलं नसतं, पिळून फाटलेलं असतं. म्हणजे बोल्ट आवळले तेव्हा चाकं हवेत लटकत होती.

आधी बुश म्हणजे काय ते पाहू. चाकाला धरणारे दांडे (आर्म) गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे तो बसतो. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, आणि मध्ये दोन्हींना भट्टीत चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते. ती बोल्टवर फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळतं आणि परत येतं. आता हिशेब करा. आर्म ३५ सेंटिमीटरचा आहे आणि गाडी जॅकवर असताना त्याचं टोक १० सेंटिमीटर खाली आलंय, तर आर्म जवळजवळ १७ अंशांत कललेला असतो. तिथेच बोल्ट आवळला, तर गाडी खाली ठेवल्याक्षणी रबर तेवढं पिळलेलं राहतं. गाडी अंगणात नुसती उभी असली तरी! मग घाटातल्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते आणखी पिळतं.

ही चूक मीही केलेली आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका मारुती जिप्सीचे सगळे बुश गाडी स्टँडवर ठेवूनच एअर गनने आवळले आणि काम लवकर उरकलं म्हणून खूश झालो. चार महिन्यांत तीच गाडी दारात. तेव्हापासून आमच्याकडचा क्रम ठरलेला आहे: बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चारही चाकांवर जमिनीवर ठेवायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची, आणि मग पिटात उतरून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. दुसऱ्या कुठे काम करून घेतलंत तरी एवढं मात्र समोर उभं राहून बघा.

याच कारणाने, लिफ्ट किट टाकून गाडी उंच करून घेतली असेल तर रबरी बुशांचे सगळे बोल्ट एकदा ढिले करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावे लागतात. किट बसवणारे हे बऱ्याचदा विसरतात.

<b>रबर की पॉलीयुरेथेन?</b>

लाल-पिवळे पॉली बुश दिसायला झकास असतात, आणि "आयुष्यभर चालतील" असं सांगून विकले जातात. ते कडक असतात हे खरं. त्यामुळे स्टिअरिंग नेमकं लागतं. पण तोच कडकपणा सीटपर्यंत हादरे आणतो. शिवाय बहुतेक पॉली बुश चिकटवलेले नसतात, ते आतल्या नळीवर फिरतात. म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल त्या फटीत गेला की तो पॉलिश पेपरसारखा नळी खातो. वर्षातून एकदा उघडून ग्रीस करायची तयारी नसेल, तर जुन्या पलंगासारखी कुरकुर ऐकायची तयारी ठेवा.

आमचं मत विचाराल तर रोजच्या गाडीला, शेतावर जाणाऱ्या गाडीला आणि लांबच्या प्रवासाला ओरिजिनल रबर. पॉली टाकायचेच असतील तर मागच्या अॅक्सलची आडवी दांडी (पॅनहार्ड रॉड) आणि स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) इथे टाका. जिथे आर्मला दोन-तीन दिशांनी वळावं लागतं, तिथे कडक बुश चाकाची हालचालच अडवतो, आणि खडकाळ रस्त्यावर नेमकी तीच हवी असते.

<b>तुमच्या गाडीला कुठे किती</b>

जिप्सीला चारही बाजूंनी पाटे (लीफ स्प्रिंग). एका पाट्याला तीन जागा: स्थिर टोकाचा डोळा आणि शॅकलची (दुसऱ्या टोकाच्या झुलत्या पट्टीची) दोन टोकं. म्हणजे एकूण १२ जागा. थार सांगताना वर्ष सांगा. २०१० पासूनच्या जुन्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि मागे पाटे आहेत. २०२० नंतरच्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग, आणि मागच्या अॅक्सलला लिंक (जोडदांड्या). दोन्हींचे बुश वेगळे. नुसतं "थारचे बुश द्या" म्हणून दुकानातून आणलेला डबा आम्ही कितीदा परत पाठवला आहे.

बाहेरून आणत असाल तर जुना बुश सोबत न्या आणि व्हर्नियरने आतल्या नळीची लांबी मोजा. ती बाहेरच्या नळीपेक्षा जास्त असते, आणि ती जुन्याएवढीच हवी. आखूड असली तर ब्रॅकेट दाबला जातो पण नळी पकडली जात नाही. मग ती बोल्टवर फिरते आणि भोक मोठं करते. एकाच बाजूचा बुश बदलू नका, जोडीने बदला.

<b>बुश खरंच गेलाय का?</b>

रबरावर बारीक भेगा दिसल्या म्हणजे तो बाद झाला असं नाही. टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवून बघतो. रबर नळीपासून सुटलं असेल किंवा आर्म मोकळा सरकत असेल, तर बदलायचा. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, कमी वेगात खराब रस्त्यावर खटखट होते, टायर एका कडेला झिजतो, ही त्याची लक्षणं. पण शॉकअप किंवा बॉल जॉइंट गेला तरी अशीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी तपासणी.

<b>बसवताना</b>

जुना बुश प्रेसने काढतो. गंजून बसला असेल तर बाहेरची नळी आतून करवतीने हळू कापतो, आर्मला ओरखडा न पाडता. गॅसने रबर जाळत नाही. धूर विषारी असतो आणि आर्मही तापतो. नवा बुश बाहेरच्या नळीवर दाब देऊन बसवायचा, रबरावर नाही. हातोडा नाहीच. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ खाचा असतात. त्या कुठल्या दिशेला याव्यात याची खूण असते, ती चुकली तर बुश उलट काम करतो. जिप्सीचे कॉलरवाले अर्धे-अर्धे बुश साबणाच्या पाण्याने सरकवतो, ग्रीसने नाही.

ग्रीसवरून आठवलं. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. चेसिसचा गंज लांबतो, पण रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. मारायचाच असेल तर बुशांच्या जागा झाकून घ्या.

काम झाल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, ते बिलात धरलेलं असतं. पाट्यांचं काम असेल तर ५०० किलोमीटरनंतर एकदा गाडी घेऊन या, यू बोल्ट (पाट्याला अॅक्सल बांधणारे) पुन्हा तपासून आवळून देऊ. त्याचे पैसे नाहीत. जुने बुश आम्ही फेकत नाही, पिशवीत घालून मागच्या सीटखाली ठेवतो. नको असतील तर सांगा.