राजाच्या बरगडीतली दोन वर्षं

इंग्लंडचा तिसरा रिचर्ड गादीवर होता जेमतेम दोन वर्षं दोन महिने. ६ जुलै १४८३ रोजी वेस्टमिन्स्टरमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला आणि २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत, वयाच्या ३२व्या वर्षी, तो मारला गेला. लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात त्याला घाईघाईत पुरलं. पुढे १५३८मध्ये मठच बंद झाला आणि कबरीचा ठावठिकाणा हरवला. २०१२मध्ये एका वाहनतळाखाली खोदकाम करताना हा सांगाडा मिळाला. रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशी मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून मिळणारा डीएनए, जुळला तेव्हा ओळख पक्की झाली.

बातम्यांमध्ये गाजला तो त्याच्या कण्याचा बाक आणि कवटीवरच्या जखमा. मला मात्र त्याची बरगडी जास्त मोलाची वाटते, कारण राजा होणं म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय बदलणं, हे तिच्यात उतरलं आहे.

आपण जे खातो-पितो त्यातले अणू हाडांत जाऊन बसतात. दाताचं एनॅमल लहानपणी एकदाच तयार होतं आणि नंतर बदलत नाही. मांडीचं हाड सावकाश नवं होत राहतं, म्हणून त्यात मृत्यूआधीच्या दहा-पंधरा वर्षांची सरासरी मिळते. बरगडी त्याहून लवकर नवी होते आणि शेवटच्या दोन ते पाच वर्षांची नोंद ठेवते. एकाच माणसाच्या या तीन हाडा-दातांतले ऑक्सिजन, नायट्रोजन, स्ट्रॉन्शियम यांचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू) मोजले की बालपण, तारुण्य आणि अखेरचा काळ वेगवेगळे वाचता येतात.

रिचर्डचा जन्म पूर्वेकडच्या फॉदरिंगेचा. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत तो जास्त पावसाच्या, जुन्या खडकांच्या पश्चिम भागात राहायला गेला होता, असं दात सांगतात. वेल्सच्या सीमेवर लडलो इथे त्याच्या घराण्याचा किल्ला होता, त्याच्याशी हे जुळतं. खरी उलथापालथ दिसते ती बरगडीत. तिथे नायट्रोजन-१५चं प्रमाण वाढलेलं आहे. अन्नसाखळीत जितकं वर जावं तितका हा समस्थानिक वाढतो. मासे खाणारा बगळा आणि असा बगळा खाणारा राजा, अशी ती चढण आहे. नद्या-तळ्यांतले मासे, हंस, क्रौंच, बगळे असं महागडं खाणं या काळात वाढलं, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पिण्यातून हाडांत येणाऱ्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाणही बदललं, पण तो कुठे राहत होता हे कागदपत्रांवरून माहीत असल्यामुळे नुसत्या स्थलांतराने ते समजावता येईना. उरलं कारण वाइनचं. पोटात जाणाऱ्या द्रवातला सुमारे पाव भाग वाइनचा असावा, असा हिशेब त्यांनी मांडला. पाणी उकळल्याने आणि एल (एक प्रकारची बिअर) आंबवल्यानेही हे प्रमाण थोडं वाढतं, म्हणून या आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहावं.

ही चैन होती, पण तेवढीच नव्हती. पंधराव्या शतकात राजाचं राज्य बऱ्याच अंशी पंगतीत चालत असे. उमराव, बिशप, परदेशी वकील यांना कुठे बसवलं आणि कोणापुढे काय वाढलं, यावरून कोण जवळचा आणि कोण दूरचा हे सगळ्यांना कळे. गादीवरचा हक्क डळमळीत असलेल्या राजाला तर हात आखडता घेणं परवडतच नसे. आणि रिचर्डने बारा वर्षांच्या पुतण्याला बाजूला सारून मुकुट मिळवला होता. ताटातला पक्षीसुद्धा कायद्याने दर्जाला बांधलेला होता. १४८२च्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान पाच मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) उत्पन्नाची जमीन नसलेल्याला हंस पाळता येत नव्हते.

असे कायदे करावे लागले, कारण खालची माणसं वर सरकत होती. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश, कदाचित निम्मी माणसं नेली. मजूर मिळेनासे झाले आणि वाचलेल्यांची किंमत वाढली. १३५१च्या कायद्याने मजुरी जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न झाला. १३६३च्या कायद्याने तर नोकरांना दिवसातून एकदाच मांस किंवा मासे मिळावेत असं ठरवलं, पण तो लवकरच मागे घ्यावा लागला. नॉरफोकच्या कापणीच्या हिशेबवह्यांत बदल स्पष्ट दिसतो: जवाच्या पावाच्या जागी गव्हाचा पाव आणि मांस येत गेलं. राजाची बरगडी आणि मजुराचा शिधा शेजारी ठेवून वाचले, तर त्या समाजाची ओढाताण खरी समजते.

रिचर्डच्या ओटीपोटाच्या जागी असलेल्या मातीत गोल जंतांची अंडीही सापडली. कवटीजवळच्या मातीत ती नव्हती, म्हणजे जंत त्याच्या आतड्यातलेच. गाय, डुक्कर किंवा माशांतून येणाऱ्या पट्टकृमींची अंडी मात्र मिळाली नाहीत. शाही मुदपाकखान्यात मांस नीट शिजवलं जात असावं. गोल जंत पसरतात विष्ठेच्या खतातून, न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून. मोठ्या पंगतीत जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची रीत होती, पण स्वयंपाक्याच्या हातावरची किंवा भाजीवरची ती अंडी डोळ्यांना दिसत नसत, आणि जंत त्यांतून येतात हे तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हतं.