कोपेर्तो: इटलीतल्या बिलावरच्या पहिल्या ओळीची पार्श्वभूमी

इटलीतल्या खाणावळीत बिल हाती आलं की बहुधा पहिलीच ओळ 'कोपेर्तो'ची असते. पुढे माणशी दीड, दोन, कधी तीन युरो. चौघांच्या मराठी कुटुंबाने दोन पिझ्झे आणि एक पास्ता वाटून खाल्लेला असतो, त्यामुळे न मागवलेल्या कशाचे तरी हे आठ-दहा युरो डोळ्यांत खुपतात आणि सगळं जेवण फसवणुकीचं वाटायला लागतं. ही फसवणूक नाही. ही टिपही नाही, आणि पदार्थाची किंमत तर नाहीच.

कोपेर्तोचा शब्दशः अर्थ 'झाकलेलं'. टेबलावर अंथरलेलं कापड, ताटली, काटा-सुरी, पेला, रुमाल अशी एका माणसासाठी केलेली मांडणी म्हणजे एक कोपेर्तो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, पान. लग्नघरात 'दोनशे पानं उठली' म्हणतात, तसं इटालियन खाणावळवाला आपली जागा मोजताना 'साठ कोपेर्ती' म्हणतो. कोपेर्तो म्हणजे मांडलेल्या पानाचे पैसे. त्या पानावर काय वाढलं, किती वाढलं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

या पद्धतीचं मूळ मध्ययुगीन सरायांमध्ये सांगितलं जातं: वाटसरू शिदोरी बरोबर आणायचे, सरायवाला निवारा, बाक आणि भांडी पुरवायचा आणि तेवढ्याचेच पैसे घ्यायचा. प्रवाशांच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम बराच अलीकडचा आहे. १९४० च्या एका शासकीय नियमावलीने खाण्यापिण्याच्या प्रत्येक दुकानाला दरपत्रक गिऱ्हाइकाला दिसेल असं लावणं बंधनकारक केलं. दर किती असावा यापेक्षा तो आधी सांगितला होता की नाही, हाच इटलीतल्या पुढच्या वादांचा कणा राहिला.

सर्वांत मोठा गोंधळ रोममध्ये झाला. रोम ज्या लाझिओ प्रदेशात येतं, त्या प्रदेशाने नोव्हेंबर २००६ मध्ये कायदा करून कोपेर्तोची वेगळी आकारणी बंद केली. हेतू चांगला होता. परदेशी पाहुण्यांच्या तक्रारींत हा शब्द सारखा यायचा आणि किंमत एका आकड्यात कळावी, अशी ग्राहकांची रास्त मागणी होती. पण त्याच कायद्याने सेवेचे पैसे लावायची वाट मोकळी ठेवली. अट एवढीच, की ते दरपत्रकात स्पष्ट लिहिलेले असावेत आणि ते दरपत्रक मागणी द्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या हाती पडावं. पावाचे पैसे घ्यायलाही मनाई नव्हती, कारण पाव हा खाण्याचा पदार्थ.

मग जे व्हायचं ते झालं. मेन्यूवरून 'कोपेर्तो' गेलं आणि त्या जागी 'पाने' आलं. पाने म्हणजे पाव. रक्कम जवळपास तीच, माणशीच. आपल्या कानाला गंमत वाटेल, पानाचे पैसे गेले आणि 'पाने'चे आले. पण रोजच्या व्यवहारात या बदलाने तोटाच केला, असं मला ठामपणे वाटतं. कोपेर्तो हा निदान प्रामाणिक शब्द होता: बसलात, पान मांडलं, पैसे द्या. पाव मात्र नाकारता येतो. त्यामुळे टोपली टेबलावर येताच 'नको' म्हटलं तर पैसे पडत नाहीत, आणि हात लावला की पडतात. ज्या देशात ताटलीत उरलेला रस्सा पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला 'स्कार्पेत्ता' असं लाडाचं नाव आहे, तिथे पाव हा तंट्याचा विषय झाला. आमटीत भाकरी कुस्करणाऱ्या माणसाला यातलं दुःख वेगळं समजवावं लागणार नाही.

दुसरा परिणाम जास्त वाईट. कोपेर्तो माणशी दोन-तीन युरोंवर थांबत असे. 'सेर्वित्सिओ', म्हणजे सेवेचे पैसे, टक्क्यांत लागतात, आणि बिल वाढलं की तेही वाढतात. सप्टेंबर २०१९ मध्ये रोममधल्या एका खाणावळीत दोन जपानी पर्यटकांना सुमारे ४३० युरोंचं बिल आलं, त्यातले ८० युरो सेवेचे. बिलाचं छायाचित्र जगभर फिरलं. कोपेर्तोवरची बंदी तेव्हा जवळपास तेरा वर्षांची होती, आणि त्या ८० युरोंपुढे ती काहीच कामाची नव्हती.

लाझिओच्या बाहेर कोपेर्तो चालूच राहिलं. मिलान, फ्लोरेन्स, व्हेनिस, नापोली, कुठेही ते दिसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये वाद पुन्हा पेटला तो उत्तरेत. लिगुरियाच्या किनाऱ्यावर एका आईने लहान मुलीला पास्ता वाटून द्यायला रिकामी ताटली मागितली, तिचे दोन युरो लागले. कोमो सरोवराकाठी एका सँडविचचे दोन तुकडे करून दिल्याबद्दलही दोन युरो लागले. दोन्हीकडे मालकांचं म्हणणं एकच: वेळ जातो, भांडं पडतं, ते घासावं लागतं. हिशोब म्हणून ते चूक नाही. पण पानाचे पैसे एकदा घेतल्यावर लहान पोराच्या ताटलीचे वेगळे मागणं, हे कोपेर्तोच्या मूळ अर्थालाच सोडून आहे. वाटून खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण जास्तीची ताटली आपण हमखास मागतो.

कॉफीचं गणित याच्याच शेजारचं. बारच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानाच्या, काउंटरवर उभ्याने घेतलेली एस्प्रेसो स्वस्त आणि तीच टेबलावर बसून महाग, हा फरक जुना आहे. १९११ साली नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंची कमाल किंमत ठरवायची मुभा मिळाली आणि उभ्याने प्यायची कॉफी त्यात धरली गेली. कपासोबत खुर्ची दिली की ती सेवा झाली. व्हेनिसच्या सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असताना बाहेर बसलं की संगीताचेही पैसे लागतात. तेही दरपत्रकात लिहिलेले असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यावर भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाक मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आपली दिवाळीही त्याच बैठकीत गेली. तो मान एकत्र बसून, सावकाश जेवण्याच्या रीतीलाही आहे. टेबल दोन-दोन तास अडवून बसलं तरी वेटर बिल आणून पुढ्यात टाकत नाही, ते मागावं लागतं. मांडलेलं पान तेवढा वेळ तुमचं असतं, आणि कोपेर्तो मी याच कारणाने आनंदाने देतो. वेगळी टिप त्यावर अपेक्षित नसते. सुटे नाणे ठेवलं तर ठेवलं.

मेन्यूच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत कोपेर्तो, पाने किंवा सेर्वित्सिओ यांतलं काहीतरी सापडतं. बसण्याआधी दाराशी लावलेल्या दरपत्रकातच ते बघून घ्यावं. तिथेही नाही, मेन्यूतही नाही आणि बिलात मात्र आहे, तर 'हे कुठे लिहिलंय?' असं शांतपणे विचारावं. बहुतेक वेळा ती ओळ मुकाट्याने खोडली जाते.