ताजमहालाआधीचे बुऱ्हाणपूर

ताजमहालाच्या प्रेमकथेत सगळे लक्ष आग्र्याकडे जाते. मुमताजमहल मात्र वारली तापीकाठी, बुऱ्हाणपुरात. १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात. मोगल सरदार खानजहान लोदी बंड करून निजामशाहीच्या आश्रयाला गेल्यामुळे शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर आला होता. त्या वर्षी खानदेश, गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळात होते. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम निघाला, अशी दरबारी नोंद आहे.

राजवाड्यातल्या मीना बाजारात दोघांची पहिली नजरानजर झाली, ही नंतर जोडलेली गोष्ट. अर्जुमंद बानू, म्हणजे पुढची मुमताज, ही आसफखानाची मुलगी, म्हणजे नूरजहानची भाची. साखरपुडा १६०७ मध्ये झाला, लग्न मात्र १६१२ मध्ये. मधल्या काळात जहांगीर बादशहाचा बंडखोर मुलगा खुसरो याच्या कटात तिच्या चुलत्याला देहदंड झाला आणि घराण्यावर बादशहाची मर्जी राहिली नाही. १६११ मध्ये नूरजहानचे जहांगीरशी लग्न झाले आणि दिवस पालटले. तोवर १६१० मध्येच खुर्रमचे, म्हणजे पुढच्या शाहजहानचे, इराणच्या सफवी राजघराण्यातल्या मुलीशी लग्न होऊन गेले होते. पुढे राजकारणापायी आणखी एक लग्न झाले.

जीव मात्र अर्जुमंदवरच होता, यात शंका घ्यायला जागा नाही. बाकीच्या बेगमा नावापुरत्या होत्या, असे दरबारी इतिहासकारच लिहितात. ती मोहिमांवर आणि बापाविरुद्धच्या बंडातही नवऱ्याबरोबर फिरली. औरंगजेबाचा जन्म असाच वाटेतल्या मुक्कामात, दोहदला झाला. चौदा मुलांपैकी सात जगली.

मृत्यूनंतर आठवडाभर बादशहा लोकांना दर्शन देण्यासाठी झरोक्यात आला नाही. दफन तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत झाले, तेही तात्पुरते. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शाहजादा शुजाच्या देखरेखीखाली शव आग्र्याला निघाले. यमुनाकाठची जागा अंबरच्या राजा जयसिंगाची होती. मोबदल्यात त्याला चार हवेल्या मिळाल्या. संगमरवर मकराण्याहून बैलगाड्यांनी आला. गाड्या आणि कारागीर पुरवण्याबद्दल जयसिंगाला पाठवलेली फर्माने आजही आहेत. पण इमारत आतून विटांची आहे, संगमरवर वरून चढवलेला. नदीकडच्या भुसभुशीत जमिनीत आधी विहिरी खणून त्या चुना-दगडाने भरल्या आणि त्यांवर पाया घेतला. मुख्य काम १६४३ च्या सुमारास उरकले, परिसर पुरा व्हायला आणखी काही वर्षे लागली. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीने खर्च पन्नास लाख रुपये लिहिला आहे.

कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही. शाहजहानला स्वतःसाठी यमुनेपलीकडे काळा ताज बांधायचा होता, ही कथा फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएपासून चालत आली. तिथल्या मेहताब बागेतल्या उत्खननात तसला पाया सापडला नाही, हौद सापडला. मुमताजची कबर बरोबर मध्यभागी आणि शाहजहानची पश्चिमेला सरकलेली, म्हणजे त्याला तिथे निजायचेच नव्हते, हा युक्तिवादही लंगडा आहे: तिच्याच आजी-आजोबांच्या कबरीत, इतमादुद्दौलाच्या मकबऱ्यात, आधी गेलेली आजी मध्यभागी आहे आणि आजोबा बाजूला. तळघरातल्या खऱ्या कबरी आणि वर दाखवल्या जाणाऱ्या प्रतिकृती, दोन्हींची मांडणी सारखीच आहे.

१६५२ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर निघालेल्या औरंगजेबाने बापाला पत्र लिहिले, की पावसाळ्यात घुमट उत्तरेकडून दोन ठिकाणी गळतो. पुढे त्याची बेगम दिलरस बानू औरंगाबादेत वारली आणि तिच्यासाठी बीबी का मकबरा उभा राहिला. तो बांधणारा अताउल्ला हा ताजशी नाव जोडले जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. इथे संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला वापरला, बाकी चुन्याचा गिलावा. खर्च सात लाखांच्या आत.